पायरीची पोयट्याची जमीन आणि वीटभट्टी

सावनेरच्या परिसरांत कोलार व कन्हान या नद्यांच्या कांठीं पुराच्या पाण्यापेक्षां उंच अशा, जवळजवळ सपाट जमिनी आढळतात. पात्रांत उभें राहून पाहिलें असतां त्या पायरीसारख्या दिसतात. अशा जमिनींतील पोयट्याची योग्यता शेतकऱ्यास सांगावयास नको, असें कोणी म्हणेल. परंतु हीच माती विटांसाठीं विकण्याचा मोह पडतो; म्हणून चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

पोयटा म्हणजे रेती, गाळ व चिकणमाती यांचें माफक मिश्रण. रूढ वर्गीकरणाप्रमाणें त्यांत चिकणमाती शेंकडा ७ ते २७, गाळ २८ ते ५० व रेती ५२ च्या आंत असते. भारी काळ्या जमिनींत चिकणमाती शेंकडा ५० च्याहि वर जाते. ती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत चिबडते. पोयटा ओल धरतो, पण पाणी तुंबवीत नाहीं. त्यास वाफसा लवकर येतो. संत्र्याच्या मुळांस तुंबलेलें पाणी सोसत नाहीं, त्यामुळें बागाइतदारास ही जमीन विशेष मोलाची. शिवाय उतार नाममात्र असल्यानें पाऊस मुरतो व धूप थोडी होते.

परंतु ही पायरी झाली कशी, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पूर्वीं नदी याच उंचीवरून वाहत होती व पुरासरशी गाळ पसरीत होती. पुढें तिनें आपलें पात्र खोल कापलें आणि जुनी पूरभूमि वर राहिली. खालच्या कछारास पूर नवा गाळ देतो. पायरीस तो मिळत नाहीं. अर्थात् येथून नेलेली माती नदी परत आणून देणार नाहीं. कित्येक ठिकाणीं पोयट्याखालीं रेती व गोटे असतात. वरची दोन फूट माती गेली कीं पिकाची मुळें त्यांतच जाऊन पडतात, मग ओल टिकत नाहीं.

एका एकरांतील एक फूट माती म्हणजे ४३,५६० घनफूट. वजन अदमासें १,७०० टन. भट्टीवाला पैसा एकदां देतो, माती दरसाल देते.

कर्ज, लग्न, दुखणें यांपायीं माती विकणाऱ्यास दोष देणें सोपें आहे. तें आम्ही करीत नाहीं. पण सौद्यापूर्वीं त्यानें चार फूट खड्डा खणून खालीं काय आहे तें तरी पाहावें. शेत सपाट करण्यासाठीं माती हलवावी लागलीच, तर वरचा थर बाजूस ठेवून शेवटीं पुनः पसरावा.

विटा सर्वांसच हव्या आहेत. मात्र खापरखेड्याचें औष्णिक वीजकेंद्र आमच्याच तालुक्यांत आहे, कोराडीचें शेजारीं. राखेस तोटा नाहीं. सुपीक माती वाचावी याच हेतूनें केंद्र सरकारनें १९९९ सालीं अधिसूचना काढून अशा केंद्रांच्या आसपास विटांत राख वापरण्याचें बंधन घातलें. तेव्हां घर बांधतांना राखेच्या विटा मागणें हें शेतकऱ्याचें पहिलें काम होय. आपल्या भिंतीसाठीं आपलेंच शेत भाजावें, हें शहाणपणाचें नव्हे.