एकास बहात्तर

सहा फूट उंचीचा माणूस एक इंचाचा करायचा असेल तर त्याला बहात्तराने भागावे लागते. हा हिशेब आमच्या पाढ्यांत नव्हता. पण प्लॅस्टिकची छोटी विमाने जोडणाऱ्या जगभरच्या पोरांना आणि त्यांच्या टक्कल पडलेल्या बापांना तो तोंडपाठ असतो. या प्रमाणात खरे विमान तळहातावर मावते, आणि आतला वैमानिक शेंगदाण्याएवढा का होईना, पण ओळखू येतो. एअरफिक्स या इंग्रज कंपनीने १९५७ साली ‘टायगर मॉथ’ या दुपंखी विमानाचा असा संच काढला आणि २०१४ साली नव्या साच्यातून पुन्हा काढला. तो नवा संच यंदा आमच्या चंद्रपुरात, आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन उतरला.

टायगर मॉथ म्हणजे वैमानिकांची बाराखडी. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी ते प्रथम उडाले आणि पुढे पावणेनऊ हजारांवर बनले. लाकडी पंखांवर ताणलेले कापड, धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा, १३० अश्वशक्तीचे इंजिन. गुरू पुढे, शिष्य मागे, आणि बोलायला मध्ये एक रबरी नळी! (अशी नळी आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत असती तर किती बरे झाले असते.) त्याचे पंख किंचित मागे कललेले दिसतात, त्याला मला वाटले होते शोभेचे कारण असेल. कारण निराळेच निघाले. वरच्या पंखाखाली बसलेल्या गुरूला संकटात हवाई छत्री घेऊन चटकन बाहेर पडता यावे म्हणून तो पंख पुढे सरकवला. त्याने तोल बिघडला. मग तोल सावरण्यासाठी पंखांची टोके मागे घेतली. आपल्या हवाई दलातली मुलेही स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतर काही वर्षे याच विमानावर उडायला शिकली.

चंद्रपुरात विमान ही पाहण्यापेक्षा ऐकण्याची वस्तू. मोरव्याला धावपट्टी आहे, नाही असे नाही. पण प्रवासी विमानात पाय ठेवायचा तर नागपूर गाठावे लागते. तेव्हा आमच्या आठवीतल्या चिरंजीवांनी साठवलेल्या पैशांतून हा डबा मागवला, याचे मला नवल वाटले नाही. सौ.ला मात्र वाटले. “एवढ्या पैशांत दोन व्यवसायमाला आल्या असत्या,” हे तिचे म्हणणे खोडून काढणे अवघड होते.

डब्यातले भाग प्लॅस्टिकच्या काड्यांना लगडलेले असतात, डहाळीला कैऱ्या असाव्यात तसे. ते हलकेच कापायचे, कडा घासायच्या, मग चिकटवायचे. रंग ओला असेतो खिडकी उघडायची नाही. आमच्या गावची कोळशाची धूळ कोणत्या विमानावर बसावी हे पाहत नाही. दोन पंखांमधल्या ताणाच्या तारा डब्यात नव्हत्या. त्या करण्याची युक्ती मोठी गमतीची आहे: उरलेली काडी ज्योतीवर दुरून शेकायची, मऊ झाली की बाजूला घेऊन दोन्ही टोके ओढायची, की केसासारखा धागा निघतो. त्यासाठी देवघराबाहेरची एक पणती कामी आली, आणि सौ.चा विरोध तिथेच थोडा वितळला.

माझे भांडण मात्र त्या सूचनांच्या कागदाशी. जुन्या संचांत वाक्ये असत. भागाचे नाव, क्रमांक, तो कोठे बसवावा, सारे लिहिलेले असे. आताच्या कागदावर चित्रे आणि आकडे तेवढे. अनेक देशांत जाणारा कागद, तो मुका होणारच. परिणाम असा, की मुलगा विचारी, “बाबा, सत्तावीस कुठे गेला?” सत्तावीस म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हते! माझ्या वर्गात भामरागड-एटापल्लीकडची मुले येतात. त्यांच्याबरोबर जंगलात गेलो की शहरातल्या मुलांना नुसती ‘झाडे’ दिसतात. या मुलांना ऐन, धावडा, बीजा, मोह असे वेगवेगळे शेजारी भेटतात, आणि प्रत्येकाचे माडियातले नाव त्यांच्या ओठांवर असते. नाव माहीत असले की त्या झाडाचा उपयोगही माहीत असतो. सत्तावीस या नावाने काय कळणार?

म्हणून मी फर्मान काढले: नाव सांगितल्याशिवाय भाग चिकटवायचा नाही. “मग मराठीतले सांगा,” चिरंजीव म्हणाले. सुकाणू, धड, शेपटी इथवर मी तरलो. खालच्या पंखाच्या कडेला एक हलणारी पट्टी असते, डावी वर गेली की उजवी खाली, आणि विमान कुशीवर कलते. फ्रेंचांनी तिला ‘छोटा पंख’ अशा अर्थाचे एलेरॉन हे नाव दिले. मी ‘पंखुली’ सुचवले. सौ. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अहो, ते पंखाचे कान आहेत!” दोन विरुद्ध एक मतांनी ‘कान’ मंजूर झाले.

विमान पूर्ण झाले तेव्हा त्याने विचारले, “यानंतर आपल्याकडे कोणते आले?” या प्रश्नाचे उत्तर चक्क मराठी निघाले. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे गटिंगेनला प्रांटल यांच्यापाशी शिकून आले, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत विमानविद्येचा विभाग त्यांनी उभा केला, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आखलेले ‘एचटी-२’ १९५१ च्या ऑगस्टात उडाले. एकावर एक पंख नाहीत, कापड नाही, सारा धातू. हवाई दलात टायगर मॉथची जागा त्याने घेतली, आणि पुढे घानाच्या हवाई दलालाही ती विमाने गेली.

एचटी-२ चा डबा आम्हाला एकाही दुकानात सापडला नाही. इंग्रजांच्या बाराखडीचा डबा दोन-दोनदा निघतो, आणि आपल्या बाराखडीचा शोधूनही मिळत नाही, याचे मला वाईट वाटले. मुलाने तेवढा वेळ दवडला नाही. पंखांचा विस्तार ३५ फूट २ इंच, भागिले बहात्तर, म्हणजे सहा इंचांना थोडे कमी. पंखांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा निघाला. धडासाठी सुताराकडून सागाचा तुकडा आणला आहे, आणि साग कानशीला दाद देत नाही, त्यामुळे दिवाळीची सुट्टी त्यातच जाईल असे दिसते. कान मात्र त्याने पहिल्याच दिवशी कापले आणि पेन्सिलीने त्यांवर ‘डावा’, ‘उजवा’ लिहून काडेपेटीत ठेवले. शेपटीचे नेमके माप आम्हाला अजून मिळालेले नाही; कोणा वाचकापाशी जुना आराखडा असल्यास जरूर कळवावे.