औषधावरचा बारकोड घाटीतल्या खाटेपर्यंत कधी येणार?

३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओ मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालच्या १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सगळी वाचली. त्यानंतर जून २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात, प्रसूतीसाठी आलेल्या एका महिलेच्या पोटाला जेलीऐवजी सफाईचे रसायन लावले गेल्याचे समोर आले. दोन्ही वेळा बातम्या झाल्या, चौकशीची घोषणा झाली आणि काही दिवसांत विषय मागे पडला. चूक कोणी केली हे सगळ्यांनी विचारले. पण चुकीची बाटली रुग्णापर्यंत पोहोचूच नये यासाठी आपल्या सरकारी रुग्णालयांत व्यवस्था काय आहे, हे फारसे कोणी विचारले नाही.

मुकुंदवाडी, संजयनगर, चिकलठाणा या भागांत राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा प्रश्न लांबचा नाही. आजारपण आले की आपली धाव चिकलठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे मिनी घाटीत, कामगार विमा रुग्णालयात आणि शेवटी घाटीत. पैसेवाल्याला खासगी रुग्णालयाचा पर्याय आहे. आपल्याला तो बहुतेकदा नाही. त्यातच औषधाचे नाव इंग्रजीत, अक्षर बारीक. हातावर पोट असलेल्या घरातली आई किंवा आजी सिस्टरने दिलेली गोळी विश्वासावर घेते. त्या विश्वासाची राखण करणे सरकारचे काम आहे.

यावरचा एक उपाय तीस वर्षांपूर्वीच सापडला आहे आणि तो शोधणारी एक परिचारिका होती. १९९२ मध्ये अमेरिकेत कान्सास राज्यातल्या टोपेका शहरात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या सू किनिक यांनी भाड्याची मोटार परत करताना पाहिले की, तिथला कर्मचारी हातातल्या छोट्या यंत्राने मोटारीवरचा कोड वाचून क्षणात नोंद करतो. मोटारीसाठी हे होऊ शकते, तर रुग्णाच्या औषधासाठी का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून उभी राहिलेली पद्धत पुढे माजी सैनिकांच्या सगळ्या रुग्णालयांत गेली.

पद्धत समजायला सोपी आहे. रुग्णाच्या मनगटावर कोड छापलेला पट्टा असतो. प्रत्येक गोळीच्या कप्प्यावर, प्रत्येक इंजेक्शनच्या कुपीवर कोड असतो. परिचारिका आधी पट्टा स्कॅन करते, मग औषध. डॉक्टरांनी संगणकात लिहिलेल्या औषधाशी ते जुळले नाही, मात्रा चुकली, किंवा दोन खाटांवर एकाच नावाचे रुग्ण असून घोटाळा झाला, तर यंत्र तिथेच थांबवते. चूक रुग्णाच्या शरीरात जाण्याआधी पकडली जाते.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात याची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध देताना होणाऱ्या चुका (वेळ पुढेमागे होणे वगळून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. रुग्णाला अपाय होऊ शकेल अशा चुका ३.१ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आल्या. चुका पूर्ण थांबल्या नाहीत, हेही लक्षात घ्यावे. पण शंभरातल्या तीन धोक्यांपैकी दीड टळणे म्हणजे मोठ्या रुग्णालयात रोज कितीतरी माणसे वाचणे.

आता आपल्या शहराकडे पाहू. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या पट्ट्यात लुपिन, वोक्हार्ट यांसारख्या औषध कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. मुकुंदवाडीतून अनेक कामगार एमआयडीसीत पाळीला जातात. अमेरिकेने २००४ मध्येच रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या औषधांवर बारकोडची सक्ती केली. भारत सरकारनेही २०११ पासून निर्यात होणाऱ्या औषधांच्या वेष्टनांवर टप्प्याटप्प्याने बारकोड बंधनकारक केला. याचा अर्थ हे तंत्र या देशाला परके नाही आणि न परवडणारेही नाही. परदेशातल्या रुग्णासाठी आपण कोड छापतो. घाटीत खाटेवर पडलेल्या कामगाराच्या आईसाठी मात्र तो सक्तीचा नाही. ही विषमता आम्हाला टोचते.

देशांतर्गत काहीच झाले नाही असे नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० लोकप्रिय ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. डोलो, कॅल्पोल, थायरोनॉर्म ही त्यातली ओळखीची नावे. कोडमध्ये औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असते. बनावट औषध ओळखायला याचा उपयोग होतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला बनावट ॲझिथ्रोमायसिन गोळ्यांचा पुरवठा झाल्याचे प्रकरण २०२४ च्या अखेरीस उघड झाले, हे मराठवाडा विसरलेला नाही.

पण या नियमाला दोन मोठी भोके आहेत. पहिले, यादी ब्रँडची आहे आणि सरकारी रुग्णालयात येणारी औषधे बहुतेक जेनेरिक नावाने खरेदी होतात. दुसरे, आतल्या स्ट्रिपवर जागा नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर चालतो. खोके भांडारात फुटते आणि तिथेच राहते. वॉर्डात येते ती कापलेली स्ट्रिप. कधी नाव असलेला भाग जातो, कधी तारखेचा. अशा तुकड्यावर स्कॅन करायला काहीच उरत नाही. म्हणून कोड भांडारापुरता नको, शेवटच्या गोळीपर्यंत हवा.

केवळ यंत्र आणूनही भागणार नाही. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात परिचारिकांनी या पद्धतीला बगल देण्याचे १५ प्रकार आढळले आणि त्यामागची ३१ कारणे नोंदली गेली. काही ठिकाणी रुग्णांच्या पट्ट्यांच्या जादा प्रती काढून एकाच जागी स्कॅन केल्या जात होत्या. कोड वाचला जात नाही, बॅटरी संपते, काम साचते, अशी ती कारणे होती. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. हा निकष रात्रपाळीत किती वॉर्डांत पाळला जातो, हे घाटी प्रशासनाने आकडे देऊन सांगावे. परिचारिका पुरेशा नसतील तर स्कॅनर कपाटात जाईल, आणि चूक झाली की त्याच स्कॅनरची नोंद दाखवून त्याच परिचारिकेला निलंबित केले जाईल. कंत्राटी सिस्टर, आशाताई, वॉर्डबॉय यांचा बळी देणे म्हणजे रुग्णसुरक्षा नव्हे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी त्या काळात झाली. उपचार ही दया नसून कामगाराचा हक्क आहे, ही त्यामागची दृष्टी. सुरक्षित औषध हा त्याच हक्काचा भाग आहे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने निविदेतच अट घालावी की प्रत्येक गोळीच्या कप्प्यावर आणि प्रत्येक कुपीवर कोड असेल. खाटेजवळच्या स्कॅनिंगची सुरुवात जिथे एक चूक जीव घेते तिथून व्हावी: अतिदक्षता विभाग, नवजात शिशू विभाग आणि आपल्या शहरातले शासकीय कर्करोग रुग्णालय. नाव नसलेल्या बाटलीतले काहीही रुग्णाला द्यायचे नाही, हा नियम तर आजपासून लागू करता येतो. त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षेची भीती नसावी.

तोपर्यंत आपणही गप्प बसू नये. औषध देताना "सिस्टर, हे कशाचं आहे?" असे नम्रपणे विचारावे. स्ट्रिपचा नाव आणि तारीख असलेला भाग शेवटपर्यंत जपावा, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढाव्यात. औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी निःशुल्क क्रमांकावर कळवावे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत शिकलेल्या मुलामुलींनी ज्येष्ठांच्या गोळ्यांची नावे मराठीत लिहून द्यावीत. आणि पुढच्या वेळी लोकप्रतिनिधी मुकुंदवाडीत मते मागायला येतील, तेव्हा रस्त्याच्या आणि पाण्याच्या प्रश्नासोबत हाही प्रश्न त्यांच्यासमोर ठेवावा.