सिगार, आजी आणि निपाणीची वखार



मागच्या अंकात इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटांवर लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, 'आता पुढची चव कोणती?' यावेळची चव जरा अवघड आहे. घरातली मोठी मंडळी वाचत असतील तर एक विनंती, आधी शेवटपर्यंत वाचा, मगच मला फोन करा!

त्याचं असं झालं, दीड वर्ष रखडलेलं आमचं रिलीज एकदाचं पार पडलं. शनिवारी रात्री कोंडापूरला आमच्या टीम लीडच्या गच्चीवर सगळे जमलो. बिर्याणी झाली, डबल का मीठा झाला, आणि लीडने आतून एक लाकडी पेटी आणली. दुबईहून येताना घेतलेल्या पाच डॉमिनिकन सिगार होत्या. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. 'मला नको' म्हणायला तोंड उघडलं आणि पेटीचं झाकण उघडलं. त्या वासाने मी गप्पच बसलो. हा वास माझ्या ओळखीचा होता, फक्त कुठला ते आठवेना.

लीड या विषयातला दर्दी. त्याने आधी अर्धा तास वर्गच घेतला. सिगारचे तीन भाग असतात. आत भरलेली पानं, ती धरून ठेवणारं मधलं पान आणि सर्वांत बाहेर गुंडाळलेलं देखणं पान. चवीचा मोठा वाटा या बाहेरच्या पानाचा असतो. चांगल्या सिगारमध्ये तंबाखूचा चुरा नसतो, अख्खी लांब पानं हाताने गुंडाळलेली असतात. एकाच झाडाची खालची, मधली आणि शेंड्याकडची पानंसुद्धा वेगवेगळी वागतात. खालची सौम्य आणि चटकन पेटणारी, मधली सुगंधी, वरची जहाल आणि सावकाश जळणारी. कारागीर यांचं प्रमाण ठरवतो, आपल्या घरी गोडा मसाला जमवतात तसं.

त्याआधी पानं मुरवावी लागतात. वाळलेल्या पानांच्या मोठ्या थप्प्या रचतात. आंब्याच्या आढीसारख्या त्या आतून तापतात, अमोनियाचा उग्र दर्प बाहेर पडतो. मग थप्पी मोडायची, वरची पानं खाली घालायची, पुन्हा रचायची. असं कित्येक महिने चालतं. तयार सिगार पुढे ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवतात. हैदराबादच्या मे महिन्यात ती उघडी राहिली तर पापडासारखी तडकणार, म्हणून ती पेटी.

मग प्रात्यक्षिक. टोपीकडचं टोक अगदी थोडं कापायचं, जास्त कापलं तर सिगार उलगडते. न पेटवता एक झुरका घ्यायचा आणि कोरी चव बघायची. मला सुकं गवत, ओलं लाकूड आणि मागे कुठेतरी काकवी लागली. पेटवताना ज्योत टेकवायची नाही, थोडी लांब धरून सिगार फिरवत कडा शेकायच्या, भाकरी शेकतो तशा. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात खेळवायचा आणि सोडून द्यायचा. मिनिटाला एखादाच झुरका, मध्ये पाण्याचा घोट. घाई केली तर सिगार तापते आणि कडू होते.

सॉफ्टवेअरवाल्याला मिनिटाला एक म्हणजे फारच धीमं! मी पटापट चार झुरके मारले. डोकं गरगरलं, कपाळावर घाम आला, बिर्याणी परत येते की काय असं वाटलं. सगळे हसले. लीडने साखरपाणी दिलं आणि म्हणाला, "हळू. ही काय डेडलाइन आहे का?"

मग खरंच सावकाश घेतली. पहिल्या तिसऱ्या हिश्शात मिरीसारखा झणका होता. मधल्या हिश्शात तो निवला आणि भाजलेल्या कॉफीची, किंचित कोकोची चव आली. राख पांढुरकी, इंचभर, न पडता उभी. आणि त्याच वेळी गच्चीवर वारा फिरला, धूर माझ्याच अंगावर आला आणि मला आठवलं. हा माझ्या आजीच्या लुगड्याचा वास होता.

माझं आजोळ-पाजोळ सगळं निपाणीचं. बेळगाव जिल्ह्यातलं निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची मोठी पेठ. तिथे तंबाखू शेतात उन्हात वाळवतात, कुटून तिचा जर्दा करतात आणि तो वखारीत येतो. वखारीत बायका तो चाळतात, पाखडतात, निवडतात. माझ्या वडिलांची आई त्यातली एक. नाकातोंडाला पदर बांधून ती दिवसभर त्या धुळीत असायची. संध्याकाळी घरी आली की मी तिच्या कुशीत शिरायचो आणि हमखास शिंकायचो. तिला खोकला होता. तो मी कधी थांबलेला ऐकला नाही. तिने स्वतः तंबाखू कधी तोंडात धरली नव्हती.

हे सगळं मी गच्चीवर सांगून टाकलं. लीड जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी नानम्मा चुट्टा ओढायची, उलटा." तो श्रीकाकुळमचा. चुट्टा म्हणजे घरी गुंडाळलेली जाडीभरडी सिगार. आपण जिला चिरूट म्हणतो, तो शब्दही मूळ तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळलेलं. उत्तर किनारी आंध्रात अनेक बायका पेटतं टोक तोंडात घेऊन चुट्टा ओढत. त्या आचेने टाळू भाजते, आणि टाळूच्या कर्करोगाशी या सवयीचा संबंध डॉक्टरांनी फार पूर्वीच दाखवून दिला आहे. त्याची नानम्मा त्यानेच गेली. "मग तू का ओढतोस?" मी विचारलं. "वर्षातून दोन. माझी मलाच दिलेली सूट आहे, बरोबर आहे असं नाही म्हणत," तो म्हणाला.

मित्रांनो, इथे थोडं स्पष्ट बोलतो, कारण आपल्यातल्या तरुण मंडळींना सिगार म्हणजे सिगारेटपेक्षा 'क्लासी' आणि निर्धोक वाटते. धूर छातीत घेत नाहीत हे खरं, पण सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. माझी गरगर त्याचीच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका न गिळलेल्या धुरानेही वाढतो. लाकडी पेटीने आणि सोनेरी पट्टीने त्यात काही फरक पडत नाही.

आपलं हैदराबाद तर तंबाखूचं जुनं शहर. १९३० साली इथे वझीर सुलतान टोबॅको कंपनी सुरू झाली. तिच्या चारमिनार सिगारेटने या शहराची खूण देशभरच्या पानटपऱ्यांवर नेली. सत्यजित राय यांचा फेलूदासुद्धा चारमिनारच ओढतो. चव, ऐट, गोष्टी, सगळं या पानाभोवती जमत गेलं. चाळणाऱ्या बाया त्या गोष्टींत कुठे दिसत नाहीत.

मी अर्धी सिगार तशीच ठेवून दिली. सिगार चुरडून विझवत नाहीत, ती आपोआप विझू देतात. रविवारी सकाळी निपाणीला बाबांना फोन केला. लपवावंसं वाटेना.

"कशाला ओढलास रं?" बाबा पहिल्यांदा एवढंच म्हणाले. मग भडकले. "आज्जीनं जन्मभर तो वास नाकाला पदर बांधून घेतला, अन् तू पैसं मोजून घेतोस व्हय?"

मी म्हटलं, "पैसे लीडचे होते." हे बोलायला नको होतं.

ते मग बराच वेळ बोलत राहिले. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. तेव्हा आमच्या गल्लीतून तिकडे भाकरी जायच्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मेले. त्या दिवशी आजी घरी येईपर्यंत बाबा दारात उभे होते. मग म्हणाले की त्यांचं डी.एड. आजीच्या वखारीतल्या पगारावर झालं. ते मास्तर झाले म्हणून मी बी.ई. झालो. हे मला माहीत होतं, पण असं ओळीने कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात तंबाखूला बंदी का आणि तंबाखूला शिव्या द्यायलाही बंदी का, ते त्या दिवशी कळलं.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "वास कसला हुता म्हणालास?"

"आज्जीच्या लुगड्यासारखा."

पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "म्हंजे तंबाखू चांगली हुती."

पुन्हा ओढणार का? नाही. चव खरंच सुंदर होती, तेही खोटं सांगणार नाही. त्या रात्रीचा शर्ट माझ्या मुलीने हुंगला, नाक मुरडलं आणि "बाबा, घाण!" म्हणून पळाली. बायकोने तो लगेच मशीनमध्ये टाकायला सांगितला. मी तो दोन दिवसांनी टाकला.

पुढच्या अंकात पुन्हा खाण्याकडे वळू. रमजानमधल्या हलीमबद्दल लिहीन म्हणतो. तोवर भेटत राहू!