पूर्वकथेचें ऋण

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयांतील एक चलाख विद्यार्थी मजकडे आला आणि म्हणाला, “सर, आपण सांगितलेला तो जुना भाग पाहिला. पण कप्तानानें घोडचूक केली. तावडींत सांपडलेला तो प्राणी त्यानें ठारच करावयास हवा होता.”

हा जुना भाग म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेंतील ‘अरीना’. तो प्रथम दाखविला गेला जानेवारी १९६७ मध्यें. त्यांत गॉर्न नांवाच्या एका अपरिचित जातीनें मानवांचें एक ठाणें उद्ध्वस्त केलेलें असतें. सूडानें पेटलेला कप्तान कर्क त्यांच्या नौकेचा पाठलाग करतो; तेव्हां मेट्रॉन नांवाची एक अधिक प्रगत जाति दोन्ही नौकांच्या कप्तानांस उचलून एका उजाड ग्रहावर एकमेकांसमोर उभें करते. कर्क गंधक, कोळसा व सोरा जमवून एक ओबडधोबड तोफ बनवितो, प्रतिस्पर्ध्यास लोळवितो, आणि त्याच्या गळ्याशीं पातें टेकविलें असतां अखेरच्या क्षणीं हात आवरतो. कारण मध्यंतरीं त्याला उमगलेलें असतें कीं, गॉर्नांच्या दृष्टीनें आक्रमण करणारे आपणच होतों. त्यांच्या प्रदेशांत वस्ती करणारे आपणच असूं.

गॉर्नचा तो रबरी पोशाख आज कोणासहि हास्यास्पद वाटेल, आणि माझा विद्यार्थी त्याला हंसेल अशीच माझी अपेक्षा होती. तो पोशाखाला हंसला नाहीं. त्याला हास्यास्पद वाटली ती कर्कची दया! असें कां व्हावें? त्याचें कारण त्यानेंच सांगितलें. त्यानें आधीं पाहिली होती २०२२ सालीं सुरू झालेली ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही पूर्वकथा. कर्कच्या आधींचा कप्तान पाइक हा तिचा नायक. नौका तीच, एंटरप्राइज. या पूर्वकथेंतील गॉर्न दिसावयास फार भयंकर आहेत, अद्ययावत् तंत्रानें घडविलेले आहेत. परंतु त्याचबरोबर ते जिवंत माणसांच्या शरीरांत अंडीं घालणारे, माणसांची शिकार करणारे राक्षसहि झाले आहेत. इतकेंच नव्हे, तर एंटरप्राइजवरील मंडळींना ते चांगले परिचित आहेत. स्पॉक आणि उहुरा त्यांच्याशीं लढले आहेत. आणि हींच दोघें १९६७ च्या भागांत, जणूं हें नांव कधीं ऐकिलेंच नाहीं अशा चेहऱ्यानें, तें द्वंद्व पडद्यावर पाहत उभीं आहेत! पोशाख सुधारला, परंतु कथा मात्र बुडाली.

विज्ञानकथेची पूर्वकथा रचणाऱ्यापुढें एक खरी अडचण असते, हें मी प्रथमच मान्य करतों. अन्य कथांत भूतकाळ जुना दिसला तर बिघडत नाहीं; उलट तो तसा दिसलाच पाहिजे. परंतु येथें कथेचा भूतकाळहि आपल्या भविष्यकाळांतच पडतो. १९६६ सालीं कल्पिलेलें तेविसावें शतक हें रंगीत दिव्यांचें आणि खटक्यांचें शतक होतें. त्याच्याहि शंभर वर्षें आधींची हकीकत सांगणारी ‘एंटरप्राइज’ ही मालिका २००१ सालीं निघाली, तेव्हां प्रेक्षकांच्या घरांतील संगणकच कर्कच्या यंत्रांहून पुढारलेले दिसत होते. आतां नातवाच्या घरापेक्षां आजोबांचें घर अधिक आधुनिक दिसावें, कीं आजच्या प्रेक्षकाला खेळण्यांतली वाटेल अशी नौका त्याच्यापुढें ठेवावी? या पेचावरून रसिकांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, जुन्या नौकेचें एक बटणहि बदलूं नये. दुसरा पक्ष, आणि या पक्षांत बहुतेक निर्माते येतात, म्हणतो कीं, काळाबरोबर डोळे बदलतात, सबब आम्हांस सर्व कांहीं बदलण्याची मुभा आहे.

पहिल्या पक्षाचा मी नव्हें. १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘संगीत स्वयंवरां’त बालगंधर्वांची रुक्मिणी उंची वस्त्रें लेऊन येई. द्वापरयुगांतील विदर्भांत असें वस्त्र कोणी विणीत होतें काय, असें विचारून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचें ऐकिवांत नाहीं. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ नाटकांत प्राचीन रोममध्यें घड्याळाचे ठोके पडतात. अठराव्या शतकांत गॅरिक आपल्या काळचाच कोट घालून मॅक्बेथ रंगवीत असे. १९२५ सालीं लंडनमध्यें हॅम्लेट आधुनिक पोशाखांत उभा राहिला. प्रेक्षक या साऱ्यांशीं एक मूक करार करीत असतो: वस्त्र तुमच्या काळाचें, कथा त्या काळाची. पण त्याच रुक्मिणीनें शेवटच्या अंकांत शिशुपालाला माळ घातली असती तर? तेव्हां शालू कितीहि भरजरी असता तरी नाट्यगृह उठून गेलें असतें, आणि तें योग्यच झालें असतें.

म्हणून क्लिंगॉन नामक जातीच्या कपाळासंबंधीं जो गहजब झाला तो मला कधींच पटला नाहीं. १९६७ सालीं या लोकांचीं कपाळें आपल्यासारखींच सपाट होतीं. १९७९ च्या चित्रपटांत त्यांवर उंचवटे आले. २०१७ च्या ‘डिस्कव्हरी’ मालिकेंत त्यांचें मस्तकच केशहीन झालें. दोन वर्षांनीं केस परत आले. यांत कथेची काय हानि झाली? हा रंगभूषेचा विषय आहे. १९९६ सालीं ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेनें याची मौजच केली. तीमधील क्लिंगॉन पात्राला जुन्या सपाट कपाळांविषयीं प्रश्न विचारला असतां, या गोष्टीची आम्ही परक्यांशीं चर्चा करीत नाहीं, अशा आशयाचें उत्तर देऊन तें गप्प बसतें. तेथेंच हा विषय संपावयास हवा होता. परंतु २००५ सालीं निर्मात्यांनीं एका विषाणूची उत्पत्ति सांगून दोन भागांत त्या कपाळांची उपपत्ति लावली. मला हा दुराग्रह वाटतो. पोशाखाचें समर्थन कथेनें करावयाचें नसतें. तसें करूं गेल्यास जो केवळ संकेत होता तो प्रसंग होऊन बसतो, आणि मग प्रत्येक दिव्याला व बटणाला जाब द्यावा लागतो.

येथपर्यंत दुसरा पक्ष मजवर प्रसन्न होईल. त्यानें इतक्यांत हर्ष मानूं नये. कारण कित्येक कृतींत बाह्य रूप हाच अर्थ असतो. १९७९ च्या ‘एलियन’मधील मालवाहू नौका आठवा. जाड कांचेचे पडदे, लुकलुकणारीं अक्षरें, गळणारें पाणी, आणि मोबदल्यावरून कुरकुरणारे कामगार. त्या नौकेचें दारिद्र्य हा तिच्या मालकांच्या वृत्तीचा पुरावा आहे. तीं माणसें मालकांच्या लेखीं मालाहूनहि स्वस्त आहेत, हें त्या भिंतीच सांगतात. तेथें पडदे चकचकीत करणें म्हणजे साक्षीदाराचें तोंड दाबणें होय. त्याच रिडली स्कॉटनें २०१२ च्या ‘प्रॉमिथिअस’मध्यें सुमारें तीस वर्षें आधींची कथा अधांतरीं तरंगणाऱ्या प्रकाशचित्रांनीं सजविली. ती नौका एका अतिश्रीमंत माणसाची होती, एवढी पुस्ती जोडून तिचें समर्थन करतां येईल, आणि मी तें थोडेंफार मान्यहि करीन. परंतु २०२४ च्या ‘एलियन: रोम्युलस’नें जेव्हां कामगारांचीच कथा पुन्हां घेतली, तेव्हां तिला तेच जाड पडदे परत आणावे लागले, हें विसरतां येत नाहीं.

यावर निर्मात्यांचें ठरलेलें उत्तर असें कीं, आजचा प्रेक्षक जुनें रूप सहन करीत नाहीं. हें उत्तर खोटें आहे. २०१६ चा ‘रोग वन’ हा चित्रपट १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या दारापर्यंत येऊन थांबतो, त्यांतील यंत्रें, बटणें, शिरस्त्राणें सारीं १९७७ च्या वळणाचीं आहेत. त्यानें जगभर शंभर कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविलें. प्रेक्षकाला जुनें रूप टोंचत नाहीं. टोंचतें तें आळसानें केलेलें रूप.

तर मग कसोटी कोणती? माझ्या मतें ती एकच आहे, आणि ती अगदीं साधी आहे. पूर्वकथा पाहून झाल्यावर मूळ कृतीकडे परत जावें, आणि पाहावें कीं ती आतां खोटी पडते काय. पडत नसेल तर वाटेल तें रंगवा. पडत असेल तर तुमचें सारें वैभव व्यर्थ आहे.

या कसोटीला उतरणारीं उदाहरणें आहेत. १९६६ च्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागांत मानवांना रोम्युलन शत्रूचा चेहरा प्रथमच दिसतो, आणि तो निघतो स्पॉकसारखा. त्या एका क्षणांत नौकेवरील एका अधिकाऱ्याच्या मनांत आपल्याच सहकाऱ्याविषयीं विष उत्पन्न होतें; साऱ्या भागाचा प्राण तो क्षण आहे. २००२ सालीं ‘एंटरप्राइज’ मालिकेनें शतकापूर्वींचे रोम्युलन आणले, परंतु नौकेवरील माणसांना त्यांचा केवळ आवाज ऐकविला. चेहरा दाखविला नाहीं. हें खरें कौशल्य! जुन्या कथेचा क्षण न चोरतां नवी कथा रचतां येते, याचा हा पुरावा.

कसोटीला न उतरणारींहि आहेत. १९८३ च्या चित्रपटांत राजकन्या लेआ आपल्या खऱ्या आईच्या अंधुक आठवणी भावाला सांगते. तो संवाद त्या दोघांच्या नात्याची पहिली गांठ आहे. २००५ च्या पूर्वकथेंत ती आई जुळ्यांना जन्म देतांच मरण पावते. आतां ती आठवण कोणाची? ‘डिस्कव्हरी’नें स्पॉकला अकस्मात् एक मानलेली बहीण दिली आणि आकाशांत कोठेंहि क्षणांत पोंचविणारें एक यंत्र दिलें, तीं दोन्हीं पुढील काळांत कोणास ठाऊक कां नव्हतीं, याचें उत्तर सुचेना, तेव्हां २०१९ सालीं सर्वांस मौनाची शपथ घालून ती नौका नऊशेंहून अधिक वर्षें पुढें पाठवून दिली! आणि चमत्कार असा कीं, २०२० पासून त्या दूरच्या शतकांत वावरतांना त्याच मालिकेला हवी तेवढी नवी यंत्रें व नवे देखावे योजतां आले, आणि इतिहासाशीं विसंगति काढण्यास कोणाला जागा उरली नाहीं. पुढचा काळ मोकळा होताच. मग मागें जाण्याचें प्रयोजन काय होतें?

प्रयोजन उघड आहे. मागें कर्क आहे, स्पॉक आहे, साठ वर्षांचें प्रेम आहे. जुन्या नांवाची हुंडी वटवावयाची, आणि त्या नांवावरील कर्ज मात्र नाकारावयाचें, असा हा व्यवहार आहे. सृजनस्वातंत्र्याची भाषा येथें शोभत नाहीं. स्वातंत्र्य ज्याला हवें त्यानें नवें जग निर्माण करावें, किंवा उत्तरकथा लिहावी. पूर्वकथा लिहिणारा स्वतःच्या हातानें करारपत्रावर सही करून आलेला असतो. शेक्सपिअरनें सहाव्या हेन्रीचीं नाटकें आधीं लिहिलीं आणि पांचव्या हेन्रीचें मागाहून. तो विजयाचें नाटक संपवितांना प्रेक्षकांना स्मरण देतो कीं, या राजाच्या मुलाच्या कारकीर्दींत फ्रान्स हातचें गेलें आणि तें तुम्ही आमच्याच रंगभूमीवर पाहिलें आहे. एवढा मोठा कवि, पण त्यानेंहि ऋण मान्य केलें.

कोणी म्हणेल, नव्या पिढीनें जुनी कृति पाहिलेलीच नसते. तिला विसंगति कशी जाणवणार? मी म्हणतों, हेंच तर दुःख आहे. मला जुनी कृति आधीं ठाऊक होती, म्हणून मी नव्या कृतीवर रागावूं शकलों. माझ्या विद्यार्थ्याजवळ तो रागहि नाहीं. परकीयाला राक्षस समजण्याआधीं त्याची बाजू ऐकावी, एवढी एक गोष्ट ‘अरीना’ सांगत होता. व्हिएटनामचें युद्ध चालू असतां एका अमेरिकन मालिकेनें ती सांगितली हें कांहीं लहान धैर्य नव्हे. पूर्वकथेनें ती गोष्ट न खोडतां निरर्थक केली. राक्षसाला जीवदान देणें ही दया नसून मूर्खपणा आहे, असा निष्कर्ष त्या मुलानें काढला, आणि त्याच्या हातीं दिलेल्या पुराव्यावरून तो बरोबरच होता.

निर्मात्यांना याची टोंचणी लागली नसावी असें मी म्हणत नाहीं. २०२५ च्या तिसऱ्या पर्वांतील एका भागांत एक मानवी वैमानिक स्त्री आणि एक गॉर्न ओसाड ठिकाणीं अडकतात व एकमेकांस साहाय्य करतात. भाग चांगला आहे. परंतु तीन वर्षें भीति पेरून एका तासांत सहानुभूति कापतां येत नाहीं.

मीं त्या विद्यार्थ्याला सांगितलें कीं, तो जुना भाग पुन्हां एकदां पाहा, आणि या खेपेस नवें कांहीं पाहिलेंच नाहीं असें समजून पाहा. त्यानें प्रामाणिकपणें पाहिला. आठ दिवसांनीं येऊन म्हणाला, “सर, प्रयत्न केला. पण जें पाहिलें तें न पाहिल्यासारखें कसें करावें?” याचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. ज्यांनीं पोशाख बदलतां बदलतां माणुसकीहि बदलून टाकली, त्यांच्याजवळ तें असल्यास त्यांनीं द्यावें.