फेसावर भुलू नका

तुमच्या औषधांच्या डब्यात एक तपकिरी बाटली असेलच. हायड्रोजन पेरॉक्साइडची. मुलांना खरचटलं की कापूस भिजवायचा, जखमेवर टेकवायचा आणि पांढरा फेस फसफसताना पाहून म्हणायचं, "बघ, जंतू मरताहेत!" माझी आई हेच करायची, मीही तेच करत आले. आज त्या फेसाविषयीच लिहायचं आहे, कारण त्यानं मला चांगलंच फसवलं.

गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी पायऱ्यांवरून घसरली. गुडघा सोलवटला. मी सकाळ-संध्याकाळ पेरॉक्साइडनं जखम धुवायला लागले. रोज फेस यायचा. रोज ती माझा हात धरून म्हणायची, "आई, नको ना!" आणि मी म्हणायचे, "अगं, फेस येतोय म्हणजे अजून घाण आहे. थोडं सोस." आठ दिवस झाले तरी जखम ओलीच. कडा पांढुरक्या पडलेल्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकदा दाखवून तरी ये."

डॉक्टरांनी गुडघा पाहिला आणि विचारलं, "काय लावता?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "जखम भरत नाही, कारण तुम्ही ती भरूच देत नाही. बाटली बंद करा." येताना रिक्षात लेक काही बोलली नाही. मीही नाही.

पण मनात प्रश्न राहिलाच. मग तो फेस कसला?

उत्तर मिळालं ते शाळेत. मी बी. ए., तेही मराठी घेऊन. दुपारचे तीन तास जवळच्या शाळेत शिकवते. त्या आठवड्यात विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. धड्यात विकरांचा, म्हणजे एन्झाइमचा प्रयोग होता. कच्च्या बटाट्याची फोड पेरॉक्साइडमध्ये टाकायची. टाकली. लेकीच्या गुडघ्यावर यायचा तस्साच फेस आला! मी सवयीनं बोलून गेले, "बघा, जंतू मरताहेत." तोच मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, बटाटा तर तुम्ही आत्ता सोललात. आतमध्ये जंतू कुठून आले?"

खरंच की! त्या रात्री स्वयंपाकघर आवरून मी पुस्तकं घेऊन बसले.

पेरॉक्साइड म्हणजे पाण्याचाच भाऊ, फक्त त्यात प्राणवायूचा एक अणू जास्त. तेवढ्यानं तो तापट झालेला. बाटलीत हळूहळू आणि उजेडात लवकर फुटून त्याचं पाणी आणि प्राणवायू होतो. हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार यांनी १८१८ मध्ये शोधला. आपल्या पेशींतही रोजच्या कामात तो थोडाथोडा तयार होत असतो. साठला तर पेशींनाच जाळील. म्हणून त्याला फोडायला पेशींत एक विकर ठेवलेलं असतं. त्याचं नाव कॅटॅलेज. ते बटाट्यात आहे, आपल्या यकृतात आहे, रक्तातल्या तांबड्या पेशींत तर भरपूर आहे.

मुलांना मी मटार सोलण्याचा दाखला दिला. शेंग फुटते, दाणे आणि सालं वेगळी होतात, पण सोलणारा हात तसाच राहतो आणि पुढची शेंग उचलतो. विकर म्हणजे तो हात. कॅटॅलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो आणि स्वतः शिल्लक राहतो. सुटलेला प्राणवायू बुडबुड्यांनी वर येतो, तोच आपला फेस. दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड एक चमचा घेतलं तर त्यातून सुमारे दहा चमचे प्राणवायू सुटतो. मग फेस केवढा दिसेल, सांगा!

थोडक्यात, गुडघ्यावरचा फेस हा माझ्या लेकीच्या रक्तातल्या आणि सोलवटलेल्या पेशींतल्या विकराचा होता. जखम जितकी ताजी आणि उघडी, तितका फेस जास्त. पेरॉक्साइडनं जंतू मरतात हे खोटं नाही, पण त्याबरोबर नवी धरू लागलेली नाजूक कातडीही मरते. शिवाय कित्येक जंतूंकडे स्वतःचं कॅटॅलेज असतं आणि काहींकडे अजिबात नसतं. प्रयोगशाळेत फेस येतो की नाही यावरून जंतूंचे प्रकार ओळखतात. तेव्हा फेस म्हणजे सफाईची पावती नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात पाच वाट्या मांडल्या. कच्च्या फोडीला फेस. किसलेल्या बटाट्याला भराभर फेस, कारण जास्त पेशी उघड्या पडल्या, म्हणजे जास्त हात कामाला लागले. बर्फात गार केलेल्या वाटीत फेस मंद. गारठ्यात आपलीही बोटं अशीच आखडतात. लिंबू पिळलेल्या फोडीला अगदी कमी, कारण आंबटपणात या विकराचं काम नीट चालत नाही. आणि पूर्ण उकडून गार केलेल्या बटाट्याला? काहीच नाही. विकर हे प्रथिन. अंडं उकडलं की जसं परत पातळ होत नाही, तसं उकडलेलं विकर पुन्हा कामाला येत नाही.

हे आपण स्वयंपाकघरात नकळत वापरतोच. वर्षाचे मटार साठवताना दोनेक मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात घालतो, ते मटारातली विकरं बंद पाडण्यासाठीच. नाहीतर फ्रीजरमध्येही ती हळूहळू चव आणि रंग बिघडवत राहतात.

विकर हे प्रथिन असू शकतं, हे एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पटत नव्हतं. अमेरिकेतल्या जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएज नावाचं विकर स्फटिकरूपात काढून दाखवलं, १९३७ मध्ये कॅटॅलेजही, आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात या डावखुऱ्या माणसानं डावा हात गमावला होता. सगळे प्रयोग उजव्या हातानं! वर्गात हे सांगितलं तेव्हा मागचा बाकसुद्धा चिडीचूप होता.

आता कामाच्या चार गोष्टी.

साधं खरचटलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली माती जाऊ द्या, आजूबाजूला साबण लावा, कोरडं करून स्वच्छ पट्टी बांधा. रोज रोज पेरॉक्साइड नको. खोल जखम, भाजलेलं, कानाची तक्रार यांत तर ते घरी घालूच नका. खिळा रुतला, कुत्रं चावलं तर धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

रक्ताच्या डागाला मात्र हा फेस उपयोगी. आधी गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग पांढऱ्या सुती कपड्यावर थोडं पेरॉक्साइड घाला. रंगीत कपड्याचा रंग उडतो, म्हणून आतल्या कोपऱ्यावर आधी पाहा.

वापरलेला कापूस बाटलीत बुडवू नका, उरलेलं परत ओतू नका. कापसाला लागलेलं थोडंसं रक्तही आतलं औषध फोडत राहतं. बाटली अंधारात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. औषध जुनं वाटलं तर कच्च्या बटाट्यावर थेंब टाका. फेस नाही आला तर बाटलीत आता जवळजवळ पाणीच आहे, असं समजा.

डॉक्टरांकडून आल्यावर गुडघा आठवड्याभरात भरला. परवा तिनं कोपर खरचटून घेतलं. मी नळ सोडला. ती डोळे मिटून, दात आवळून उभी. थोड्या वेळानं एक डोळा उघडून म्हणाली, "झालं? फेस नाही?"

म्हटलं, "नाही गं बाई. तुझं तू म्हणत होतीस, तेच बरोबर होतं."