वेगळेपण म्हणजे आजार नव्हे

बेंगळुरूच्या हेब्बाळ भागात १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पशुवैद्यकाला कृत्रिम रेतन शिकताना पहिला अडसर जाणवतो तो गायीच्या गर्भाशयमुखाचा. त्यात आडव्या कडक वळ्या असतात, साधारणतः तीन ते पाच. कालवडीचे मुख अरुंद असते, तर अनेक वेते झालेल्या गायीचे जाड. आकृतीशी तंतोतंत जुळले नाही म्हणून कोणी गायीला आजारी ठरवत नाही. शिकणाऱ्यालाच आपला हात त्या शरीराप्रमाणे वळवावा लागतो.

स्त्रीच्या शरीराच्या वाट्याला मात्र ही समज क्वचित येते.

मूल न झालेल्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाचे छिद्र बहुधा वाटोळे असते. प्रसूतीनंतर ते आडव्या फटीसारखे दिसू लागते. सुमारे पाचांपैकी एका स्त्रीचे गर्भाशय मागे झुकलेले असते आणि त्यामुळे मुख पुढच्या बाजूस वळलेले आढळते. मुखाच्या बाहेरील भागावर चपट्या पेशींचा जाड, गुलाबी थर असतो. आतल्या नलिकेत उभट पेशींचा एकपदरी थर असतो, ज्यातून रक्तवाहिन्यांची लाली दिसते. पौगंडावस्थेत, गरोदरपणात किंवा संप्रेरकांच्या गोळ्या चालू असताना हा आतला थर बाहेर डोकावतो. रजोनिवृत्तीनंतर दोन थरांची सीमा पुन्हा आत सरकते. श्लेष्मग्रंथींचे तोंड झाकले गेले की लहान, निरुपद्रवी पुटी तयार होतात. त्यांना नॅबोथियन पुटी म्हणतात.

यांपैकी काहीही रोग नाही. तरीही त्या लालीला दीर्घकाळ ‘इरोजन’ म्हटले गेले, आणि बोलीत त्याचे ‘पिशवीच्या तोंडाला जखम’ झाले. जखम म्हटली की उपचार आला, आणि उपचारापाठोपाठ कर्करोगाची भीती.

त्या भीतीची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची २०१९ मध्ये शासकीय समितीमार्फत पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे सहांपैकी एकीचे. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण जवळपास ३ टक्के आहे. या शोकांतिकेमागे मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, फडावरील पाण्याची व शौचालयाची वानवा अशी अनेक कारणे होती. पण पांढरे जाणे किंवा पोटदुखी एवढ्या तक्रारीवर ‘पिशवी खराब आहे’ हे वाक्य खपले, कारण निरोगी पिशवी कशी असते हे त्या बाईला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

दिलासा देणे म्हणजे दुर्लक्ष करणे मात्र नव्हे. संबंधांनंतर किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला, दुर्गंधीयुक्त स्राव टिकून राहिला, तर तपासणी टाळू नये. तक्रार नसली तरी तिशीनंतर नियमित चाचणी हवीच. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून साध्या डोळ्यांनी पाहण्याच्या चाचणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. चाचणी करणाऱ्या बहुतेक डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. त्यांची नजर घडली ती दोन गोष्टी ओळखायला: संशयास्पद पांढरा डाग आणि निर्धोक वेगळेपण. दुसरी गोष्ट न ओळखणारी नजर पहिलीतही चुकते.

म्हणून वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात गर्भाशयमुखाची एकच आदर्श आकृती पुरेशी नाही. वयाप्रमाणे, प्रसूतीप्रमाणे बदलणारी अनेक निरोगी रूपे शेजारी शेजारी छापली जावीत. शालेय जीवशास्त्रातही तेवढी जागा निघू शकते. आणि तपासणी संपल्यावर, काही वावगे नसेल तर, ‘तुमचे शरीर निरोगी आहे, हे असेच असते’ एवढे वाक्य त्या स्त्रीला तिच्या भाषेत ऐकवले जावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. ते न सांगितल्याने काय होते, ते बीडमध्ये मोजून झाले आहे.