गुलाबाच्या पानांवरील काळे ठिपके

पावसाळ्याच्या मध्यास अंगणातील गुलाबाकडे जरा निरखून पाहावे. खालच्या पानांवर काळे, वाटोळे, परंतु कडेला पिंजल्यासारखे ठिपके उमटलेले दिसतात. भोवतालचा भाग पिवळा पडतो आणि पाने गळू लागतात. झाड उपाशी आहे असे समजून पुष्कळजण खत वाढवितात, संध्याकाळी झारीने पानांवरून पाणीही घालतात. वस्तुतः हा बुरशीचा रोग असून ते पाणी त्याच्या पथ्यावरच पडते.

या बुरशीच्या बीजाणूंना रुजून पानात शिरण्यास पान सलग सुमारे ७ तास ओले राहावे लागते. संध्याकाळी भिजलेले पान रात्रभर वाळत नाही. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशीच घालावे. शिंतोड्यांबरोबर बीजाणू वरच्या पानांवर उडतात आणि गळलेल्या पानांतून व रोगट फांद्यांतून पुढील हंगामापर्यंत तग धरतात. यास्तव पडलेले प्रत्येक पान वेचून केराबरोबर घराबाहेर घालवावे. खताच्या खड्ड्यात टाकू नये.

आमच्या घरचा एक गुलाब दोन बदल्यांत कुंडीसह आमच्याबरोबर हिंडला आहे. एका श्रावणात त्याची निम्मी पाने गळाल्यावर मी औषध फवारले आणि ठिपके जातील म्हणून वाट पाहत बसलो. ते गेले नाहीत, जात नसतातच. बोर्डो मिश्रण निरोगी पानाचे रक्षण करते, रोगट पान बरे करीत नाही.

हे मिश्रण घरी करता येते. अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद विरघळवावे, दुसऱ्या अर्ध्या लिटरात १० ग्रॅम कळीचा चुना विरवावा आणि दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावे. भांडी मातीची वा प्लास्टिकची घ्यावीत, लोखंडाची नकोत. सुरीचे लखलखीत लोखंडी पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी, गाळून, पावसाची उघडीप पाहून पानांच्या दोन्ही अंगांस फवारावे. थंड, दमट हवेत त्याने कोवळी पाने करपण्याचा संभव असतो, म्हणून आधी एका फांदीवर पाहावे. मोरचूद विषारी आहे. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पानांवर पिठासारखा पांढरा थर असेल, तर ती भुरी होय. तिला ओल्या पानाची गरज नसते, तिचा विचार वेगळा करावा लागेल.

ऑक्टोबरात छाटणी करताना डाग पडलेल्या फांद्या निरोगी भागापर्यंत कापाव्यात, आणि झाडाच्या मध्यभागी वारा खेळेल इतकी जागा ठेवावी.